उजव्या कुशीचा शेक

मी शेकाची पिशवी बोलतेय. लाल रबराची. मला आणलं होतं सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, पण वर्षभर मी होते सूनबाईच्याच पोटाशी.

ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला होती. घरी आली की उजव्या बरगडीखाली अशी कळ उठायची की ती भिंतीला टेकून ओढणी तोंडात कोंबायची. मग पाणी उकळायचं, मला भरून कुशीला धरायचं. अर्ध्या तासात तिचा श्वास सैल व्हायचा. मला वाटायचं, मी तिला बरं करतेय.

"अगं, दवाखान्यात जा," सासूबाई म्हणायच्या.

"पित्त आहे हो. शेकलं की जातं."

एका दुपारी उलटीतून जंत पडला. वीतभर लांब, फिकट, मोरीत वळवळणारा. तिने घाईघाईने तीन बादल्या पाणी ओतलं. मी तिच्या काखेतच होते.

"स्वयंपाकात हात असतात माझे," ती स्वतःशीच पुटपुटली. "कळलं तर उद्या कोण उभं करील दारात?"

तिने कुणालाच सांगितलं नाही. मी तर काय, रबर.

चार महिन्यांनी ताप चढला, डोळे पिवळे झाले. नवऱ्याने तिला रिक्षात घातलं, सोबत मलाही.

"पित्तनळीत जंत अडकलाय," डॉक्टर म्हणाले. "पू यकृतात गेलाय. आधी कधी जंत पडला होता?"

"छे, कधीच नाही," नवरा म्हणाला.

तिने डोळे मिटले. "पडला होता. एकदा."

"मग बोलली का नाहीस गं?" नवऱ्याने विचारलं.

तिने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता मी खिळ्याला लटकतेय. बुचाजवळ तडा गेलाय. थंडीत सासूबाईंचे गुडघे ठणकतात, पण त्या मला काढत नाहीत. तुमच्या घरात कुणी रोज माझ्यासारखीला जवळ घेत असेल, तर कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, ते विचारा. मला विचारता येत नाही.

दवाखान्यातून घरातल्या सगळ्यांसाठी जंताच्या गोळ्या दिल्या होत्या. परवा मायलेकांनी त्या घेतल्या. सासूबाईंनी पेला खाली ठेवला, रिकाम्या पाकिटाकडे बघितलं.

"एवढ्याशा गोळीनेच भागलं असतं का रे?"

मुलाने पाकीट उचलून मुठीत चुरगळलं.