पावती नंबर तीन

तारामती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली, ते साल एकोणीसशे बासष्ट. पहिलं बाळ दीड महिन्याचं होऊन गेलं होतं, त्यामुळे या खेपेला पाळणा हलू लागला तरी घरात कुणी मोठ्यानं हसत नव्हतं.

तिच्या वडिलांचा, हणमंतप्पांचा, नळदुर्गच्या पेठेत तेलाचा घाणा होता. नातवासाठी त्यांनी तीळ स्वतः निवडले, तेल काढून गाळलं आणि वाटी बायकोच्या, इरम्माच्या, हाती दिली.

"लाव पोराला. हाडं कशी घट्ट हुतील बघ."

इरम्मानं बाळाला पायांवर घेतलं, तशी तारामतीनं वाटी बाजूला सारली.

"अव्वा, हे तेल नको."

"का गं? इख कालवलंय व्हय तुझ्या बापानं?"

तारामतीनं उशाखालून गुलाबी कागद काढला. आदल्या बाजारी भोंगा लावलेली जीप येऊन असले कागद वाटून गेली होती. तारामती सातवी शिकलेली. तिनं वाचून दाखवलं, 'घाण्याचे उघडे तेल म्हणजे रोगांना आमंत्रण. त्याने तान्ही बाळे दगावतात. सीलबंद डब्यातील तेलच वापरा. ग्राम आरोग्य जागृती मंडळ, सोलापूर.'

"अप्पा, राग मानू नका," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "पहिल्याला तुमचंच तेल लावत होतो."

हणमंतप्पा उठले. बाहेर आले, चालत्या घाण्याचा बैल सोडला आणि ओट्यावर बसून राहिले. साठ वर्षांत त्यांना लोक चिकट म्हणाले होते, हट्टी म्हणाले होते. असं कुणी म्हणालं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी तो कागद मागून घेतला. आदल्या वर्षी ग्रामशिक्षणाच्या वर्गात ते अक्षर शिकले होते. पेठेतली शिकलेली माणसं वरची मोठी अक्षरं वाचून कागद खिशात घालत. हणमंतप्पांचं तसं नव्हतं. एका कागदाला त्यांचा अर्धा दिवस जाई, आणि एवढे कष्ट घेतल्यावर ओळभरही मजकूर सोडायचं त्यांच्या जिवावर येई. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अगदी तळाशी पोचले. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, मंगळवार पेठ, सोलापूर. पुढं लिहिलं होतं, प्रती पाच हजार.

"इरम्मा, तारीच्या लग्नाला दोनशे पत्रिका छापल्या तर आपलं कंबरडं मोडलं. ह्यो कोण आपल्या काळजीपायी पाच हजार छापतोय?"

"असंल कुणी धर्मात्मा."

"मग त्याच्या पाया पडून येतो."

सकाळच्या एस.टी.नं ते सोलापूरला गेले. छापखान्याचे मालक बाबूराव शाईच्या हातांनी चहा पीत होते. हणमंतप्पांनी कागद पुढं केला.

"असा छापायचा तर काय पडंल?"

"किती हजार?"

"हितं जेवढं लिवलंय तेवढं."

"नव्वद रुपये. असे तीन रंगांत तीन वेळा छापलेत आम्ही."

"पैकं कुणी दिलं?"

बाबूरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो, काका. पण मंडळ लोकांकडून वर्गणी घेतं. वर्गणी द्यायला कुणाची आडकाठी आहे? आणि वर्गणी दिली की पावती मागायची. पावती दिली की वही दाखवा म्हणायचं."

मंडळाची कचेरी एका गोदामावरच्या खोलीत होती. जिन्याखाली तेलाच्या सीलबंद डब्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली. गोदामाच्या दारावर पाटी होती. हणमंतप्पांनी ती तिथंच उभं राहून सावकाश वाचली, राघवेंद्र आणि कंपनी, डबाबंद तेलाचे एजंट. मग वर गेले.

कचेरीत अंबादास नावाचा कारकून एकटाच बसला होता. म्हातारा वर्गणी द्यायला आलाय म्हटल्यावर तो गडबडला. पावतीपुस्तक कुठं ठेवलंय तेच त्याला आठवेना. शेवटी कपाटातून काढून त्यानं फुंकर मारली. हणमंतप्पांनी एक रुपया दिला आणि पावती घेतली.

"नंबर तीन," त्यांनी वाचलं. "म्हंजी माझ्याआदी दोघंच?"

"सुरुवात आहे अजून, आजोबा."

"वर्गणीदाराला वही बघता येती म्हनं?"

"येते की," अंबादास हसला. त्यानं वही पुढं सरकवली. हणमंतप्पा बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागले. रा... रा... घ... दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. अंबादासला जेवायला जायचं होतं.

"अहो, असं वाचत बसलात तर दिवाळी येईल! द्या इकडं, मीच वाचतो." आणि त्यानं भराभरा वाचलं, "एक नंबर, एक मास्तर, अकरा रुपये. दोन नंबर, राघवेंद्र आणि कंपनी, पंधराशे रुपये. तीन नंबर, तुम्ही. झालं?"

"झालं," हणमंतप्पा म्हणाले. "लई उपकार झालं, बाबा."

परतीच्या गाडीत ते स्वतःशीच हसत होते. घरी येताच त्यांनी सगळं सांगितलं, अंबादासची नक्कलसुद्धा केली. इरम्मा पदर तोंडाला लावून हसली.

तारामतीनं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "ते डबे खपवायला आले होते, हे कळलं, अप्पा. पण तेलात घाण असती का नसती?"

पैसा कुणाचा, हे हणमंतप्पा शोधून आले होते. हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

सकाळी ते परक्यासारखे आपल्याच घाण्याकडं गेले. गाळायचं फडकं काळंकुट्ट झालं होतं. पेंडीच्या कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या होत्या. तेलाच्या उघड्या डब्यात दोन माश्या तरंगत होत्या. त्यांनी सगळं बाहेर काढलं, घाणा उकळत्या पाण्यानं धुतला, चार दिवस उन्हाला कोरडा होऊ दिला. इरम्मानं गाळायला नवं मांजरपाट फाडून दिलं.

पाचव्या दिवशी त्यांनी लेकीसाठी घाण्यापाशी घोंगडी अंथरली.

"तारी, पयल्याचं काय झालं ते मला ठाव न्हाय. तेलानं गेलं का तापानं, खोटं कसं सांगू? पन त्या कागदात एक गोष्ट खरी हुती, ती माझ्याच घरात दिसली. आता तूच बघ. पटलं तर लाव, न्हाय तर डबा आणून देतो. मला राग न्हाय."

तारामती बाळाला मांडीवर घेऊन सकाळभर तिथंच बसली. तीळ पडताना बघितले, धार बघितली. दोनदा गाळलेलं तेल तिनं आधी आपल्या दंडावर चोळलं आणि दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी इरम्माला न बोलावता तिनं बाळाला आपल्याच पायांवर घेतलं. हणमंतप्पा दारात उभे होते.

"अप्पा, थंडी वाजंल त्याला. वाटी जरा कोमट करून आणा."

ते चुलीकडं गेले. वाटी कोमट केली आणि दोन्ही हातांनी धरून आणली.

पोरगं जगलं. हणमंतप्पा एकोणीसशे सदुसष्टच्या माघात, दोन दिवसांच्या तापानं वारले.