शिट्टीच्या भावाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे, सलूनमधली. माझे पाय बिडाचे, पाठ लाकडाची, आणि मान टेकायला वर एक उशी. मालकांनी मला दुकानात आणले तेव्हा शेजारचे दुकानदार मुद्दाम बसून पाहायला आले. "खुर्ची कसली, सिंहासनच की हो!" असे ते म्हणाले आणि मी फुलून गेले.

मी पुरुषांचीच खुर्ची होते. बाई माझ्यावर कधी बसली नाही. पुरुष यायचे, गालांना फेस लावून घ्यायचे आणि शूरपणाच्या गप्पा हाणायचे.

मालकांचा धाकटा भाऊ मात्र वेगळा होता. दुकान झाडताना तो सारखी शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचे नावच शिट्टी पडले. दूर कुठे गोळीचा आवाज झाला की तो गप्प व्हायचा. त्या दिवसांत हे आवाज वाढले होते. खालची आळी आमची, वरची दुसऱ्यांची. बाजाराच्या जागेवरून भांडण पेटले आणि दोन्हीकडे घराघरांत बंदुका आल्या.

एके दिवशी आमच्या आळीतला दूधवाला मारला गेला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी शिट्टीला घेरले.

"मिशा फुटल्या ना तुला? मग हातात बांगड्या भरल्यास काय?"

तेवढ्यात त्याची आई जेवणाचा डबा घेऊन आली. ती तरी त्याला जवळ घेईल असे मला वाटले. पण चार माणसांत तिचीही मान ताठ झाली. ती म्हणाली, "माझ्या पोटी मुलगा जन्मला की नाही, कळू दे एकदा."

शिट्टीने झाडू खाली ठेवला. कोणीतरी दिलेली बंदूक घेऊन तो संध्याकाळी निघाला. ती धरायची कशी हेही त्याला धड ठाऊक नव्हते. वरच्या आळीच्या तोंडाशीच त्याला गोळी लागली आणि तो जागीच गेला. ती झाडणारा मुलगाही त्याच्याच वयाचा होता. तो तुरुंगात गेला.

मग गिऱ्हाइके मालकांच्या मागे लागली. "आता तुझी पाळी. सख्खा भाऊ होता ना?" मालक खाली मान घालून वस्तऱ्याला धार लावत राहायचे.

एका दुपारी आई आली आणि भरल्या दुकानात सरळ माझ्यावर बसली.

"त्याला तुम्ही नाही, मी पाठवलं," ती म्हणाली. "तुमचं बोलणं त्याने सोसलं असतं. आईचं कसं सोसणार? आता याला शूर करायला कोणी येऊ नका. मला एक तरी भित्रा मुलगा जिवंत हवाय."

मालक सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. कोणी हसले नाही.

आई मग एकटी वरच्या आळीत गेली, तुरुंगातल्या मुलाच्या आईकडे. पुढे दोघी मिळून दारोदार फिरून बायकांना सांगू लागल्या, "धान्याच्या डब्यात बंदुका लपवतो कोण? आपणच ना? मग नाही लपवायच्या. मुलाला टोमणा मारून घराबाहेर काढायचं नाही." कोणी ऐकले, कोणी तोंडावर दार लावले. 'म्हातारीला वेड लागलं,' असेही लोक म्हणाले. आमची निम्मी गिऱ्हाइके तुटली.

एका सकाळी तुरुंगातल्या मुलाचा थोरला भाऊ दुकानात आला. "दाढी करायचीय," म्हणाला आणि माझ्यावर बसून त्याने मान मागे टाकली. त्याच्या छातीची धडधड माझ्या पाठीला कळत होती. मालकांनी वस्तरा उचलला आणि हात तसाच राहिला.

डोळे मिटूनच तो पुटपुटला, "आई म्हणाली, जा. इथे मला काही होणार नाही, असा तुझ्या आईने तिला शब्द दिलाय."

मालकांनी वस्तरा ठेवून आधी त्याच्या गालांना फेस लावला. मग मालक म्हणाले, "हलू नका. कापेल." आणि त्यांनी त्याची दाढी केली.

मित्रांनो, त्याने सगळे थांबले असे नाही. त्यानंतरही दोन्ही आळ्यांतून तिरड्या निघाल्या, फक्त कमी. आता मालक थकले आहेत. दोन्हीकडच्या बायका जिथे जमतात त्या खोलीत मी असते. माझी उशी फाटली आहे, पायांना गंज चढला आहे. कोणी थोडे तेल घातले तर बरे वाटेल. पण त्याची घाई नाही. तुमच्या घरातला एखादा मुलगा "मला भीती वाटते" म्हणाला, तर आधी त्याच्याकडे बघा. त्याला हसू नका. त्याला जवळ बसवा, आणि तो स्वतःहून उठेपर्यंत बसू द्या.