लीलाबाईंची गाणी नव्या डिस्कवर

टक्… टक्… टक्.

दुपारच्या सामसूम घरात पौर्णिमानं कान टवकारले. पाल नव्हती, नळही नव्हता. आवाज सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातून येत होता. तिनं तडक अकोल्याला भावाला फोन लावला. गजेंद्रचं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

"पुर्णे, हार्ड डिस्क मरून राहिली ती. बंद कर आधी. उद्याच्या एसटीनं नवीन डिस्क, एसएसडी, धाडतो."

पौर्णिमानं लगेच कॉम्प्युटर बंद केला. सासरे खुशालराव रिटायर मास्तर. सहा वर्षं खपून त्यांनी लीलाबाईंची, म्हणजे सासूबाईंची, अकोटला माहेरी शिकलेली भुलाबाईची गाणी एका बोटानं टाइप केली होती. लीलाबाईंनी गावं, त्यांनी टिपावं. "थांब वो, तुही गाडी लय जोरात चालली," म्हणत म्हणत दोनशे अकरा गाणी झाली. टायपिंगचा तो प्रोग्रॅम विकणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली, की अक्षरांच्या जागी नुसत्या किडामुंग्या. म्हणून विंडोजसकट सगळंच्या सगळं बिऱ्हाड नव्या डिस्कवर हलवायचं होतं. आणि लीलाबाईंना तर अलीकडे पहिल्या ओळीपुढचं काही आठवतच नव्हतं. पुन्हा गाऊन घ्यायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाच वर्षांची लेक रागिणी झोपली, तसा पौर्णिमानं नव्या डिस्कला केबल जोडली. फोनवर गजेंद्र होताच.

"दादा, स्क्रीनवर दिसूनच नाई राहिली."

"केबल बदल."

"बदलली."

"मंग केबल लागते तिथल्या तिच्या दातांकडे पाह्य. काही लागलं असंन."

पिवळ्याजर्द पितळी दातांवर ओलं हळदीकुंकू लिंपलेलं होतं.

"आत्याबाई!"

लीलाबाई देवघरातून आल्या. "काहून? नवी वस्तू घरात आली, हळदीकुंकू नको? बियाण्याले लावतो, ट्रॅक्टरले लावतो, हिनं काय पाप केलं?"

"पण दातांवर?"

"कपाळ कुठी हाये तिचं, ते तूच सांग मंग."

खुशालरावांना हसता हसता ठसका लागला. तिकडे गजेंद्र म्हणाला, "पंधरा वर्षांत असा फॉल्ट पाह्यला नाई. तुह्या सासूले माहा नमस्कार सांग."

रागिणीच्या दप्तरातल्या खोडरबरानं पौर्णिमानं एकेक दात हलकेच घासला, कोरड्या फडक्यानं पुसला, पंख्याखाली वाळवला. मग डिस्कची कोरी पाठ सासूबाईंपुढे धरली. "हे घ्या कपाळ." लीलाबाईंनी समाधानानं बोट टेकवलं.

या वेळी डिस्क दिसली.

"आता नीट आयक," गजेंद्र म्हणाला. "स्क्रीनवर वरती जुनी डिस्क निवड, खालती नवी. उलटं झालं, त कोरेपण गाण्यांवर पसरन. मंग मीबी काही करू शकत नाई."

पौर्णिमानं स्क्रीनवरचं तीनदा वाचलं, सासऱ्यांकडून एकदा वाचून घेतलं आणि बटण दाबलं. दहा टक्के, तीस, साठ. चौसष्टवर आकडा अडला. टक्, टक्, टक्. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खुशालराव उठले आणि चढावर थांबलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा कॉम्प्युटरच्या डब्यावरून हात फिरवू लागले. "चाल बापू, थोडंच राह्यलं."

बापू चालला. पासष्ट. सत्तर. शंभर.

जुनी डिस्क काढून नवी बसवली, तर खुशालरावांनी चष्मा लावेस्तोवर कॉम्प्युटर सुरू होऊनही बसला. गाणी जिथल्या तिथं, वेलांटी-उकारसुद्धा शाबूत. त्यांनी पहिलंच गाणं मोठ्यानं वाचलं. लीलाबाई पदर सावरून ऐकत राहिल्या.

"लय गोड हाये. कोन्या बाईचं वो?"

खुशालराव स्क्रीनकडे पाहतच म्हणाले, "अकोटची हाये एक."

"तुमच्या वळखीची?"

"हो. लय जुनी वळख."

लीलाबाई लटक्या रागानं हसल्या. रागिणी डोळे चोळत केव्हाच येऊन उभी होती. तिनं जुनी डिस्क उचलली.

"आई, याच्यातली गाणी संपली?"

"नाही गं. याच्यातही आहेत. नव्या डिस्कवर फक्त उतरवून घेतली."

रागिणीनं डिस्क कानाला लावली, मग आजीकडे पाहिलं.

"आबानं पण उतरवूनच घेतली होती ना? मंग आजीतली काहून संपली?"