हनुवटीखालची वाटी

मी बोलतेय, व्हायोलिनवरची काळी लाकडी वाटी. वाजवणारा माझ्यावर हनुवटी टेकतो. लोकांना सूर ऐकू येतात, मला मात्र दातांचा आवाजही ऐकू येतो.

कारागिराने मला आखूड मानेच्या माणसासाठी कोरलं होतं. पुढे ते व्हायोलिन मैनेच्या बाबांनी जुन्या बाजारातून आणलं. सोळा वर्षांची ही पोर अखंड बडबड करायची, म्हणून घरात तिला सगळे मैनाच म्हणत. तिची मान लांब आणि मी बसकी. त्यामुळे ती जबडा आवळून मला दाबून धरायची. त्यातच वार्षिक परीक्षा आणि संगीत विद्यालयाची निवड अशा दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. अभ्यास करतानाही तिचे दात एकमेकांवर रुतलेले असत.

एके दिवशी तिच्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज झाला. ती क्षणभर थबकली आणि पुन्हा वाजवू लागली.

मग दुखणं कानात शिरलं. मैनेने सफरचंद चावून खाणं सोडलं, नंतर पोळीही नको झाली. बडबड आटली. व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांना कळलं तर निवडीतून नाव जाईल, या धास्तीने तिने कुणालाच काही सांगितलं नाही. आईला एवढंच म्हणाली, “कान ठणकतोय गं.” आईने बिचारीने थेंब घातले.

निवडीच्या आदल्या दिवशी तिने सरांपुढे निवडीसाठी बसवलेली अवघड गत संपवली. हनुवटी उचलली, आणि तोंड उघडेचना! जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट राहिली.

“अगं, बोल ना, काय झालं?” सर घाबरले.

“तोंड... उघडत... नाहीये,” ती दातांतूनच म्हणाली. डोळे भरून आले होते.

आईबाबा तिला तसंच दवाखान्यात घेऊन गेले. व्हायोलिनची पेटी तिने सोडलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी कानापुढे बोटं ठेवून पाहिलं.

“जबड्याच्या सांध्यातली गादी सरकलीय. जोर लावून उघडायचं नाही. आणि हे वाजवणं सध्या बंद.”

“पण उद्या...”

“उद्याचं विसर, बाळा.”

“आणि मी कानात थेंब घालत बसले!” आईने कपाळावर हात मारला.

निवड हुकली. मैना रडली, तर रडतानाही दुखलं. पुढे शेक, मऊ खाणं, हलके व्यायाम, झोपताना दातांवर पट्टी असं सगळं चिकाटीने चाललं. तोंड हळूहळू उघडू लागलं. जेवताना तिची बडबड पुन्हा सुरू झाली, तेव्हा बाबा उगाचच पाणी प्यायला उठून गेले.

ती परत शिकायला आली तेव्हा सरांनी तिची हनुवटी आणि मी यांतली फट बोटांनी मापली. मला काढून तिथे उंच वाटी बसवली. तिचा ‘कट्’ आता क्वचितच येतो, पण पुरता गेलेला नाही.

मी सरांच्या खणात तुटक्या तारांबरोबर पडून होते. काल त्यांनी मला एका नव्या मुलीच्या व्हायोलिनला बसवलं.

“कुठे दुखत नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही सर,” ती हसून म्हणाली. पण माझ्यावर टेकलेला तिचा जबडा दगडासारखा घट्ट होता.

सर, तिला पुन्हा एकदा विचारा हो.