वेलीवरचे जीव

म्हाळसाबाईनं म्हशीचा कान डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताच्या चिमटीतली हळद कानाच्या कडेला दाबली. म्हशीनं मान झटकली तशी अर्धी हळद लुगड्यावर सांडली. कानाच्या कडेनं सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. त्यांतून आलेले रक्ताचे ओघळ वाळून काळे झाले होते. एक भोक मात्र आता भोक राहिलं नव्हतं. तिथं जखम झाली होती, आणि जखमेत काहीतरी वळवळत होतं.

"उभी ऱ्हा, माय," ती हळूच म्हणाली.

ती सगळ्यांशी हळूच बोलायची. गावात कुणी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

मागं मुंजाजी रिकामी चरवी घेऊन उभा होता. म्हशीनं आजही कास आखडून धरली होती. दोनदा लाथ झाडली, तेव्हा त्यानं नाद सोडला. खुंट्याला बांधलेली वगार हंबरून हंबरून दमली होती. हिरवा चारा होता, आंबोण होतं, पण म्हैस दिवसेंदिवस बेजार होत चालली होती. त्यानं आईकडं पाहिलं, काही बोलावंसं वाटलं असावं, पण चरवी पालथी घालून तो मेंढरं सोडायला निघून गेला. सून माहेरी गेल्यापासून तो असाच बोलायचा. म्हणजे बोलायचाच नाही.

म्हाळसाबाईनं हात धुतले आणि तांब्या भरून गोठ्यामागं गेली. तिथं कडुलिंबाच्या झाडावर गुळवेल चढली होती. मुंजाजी लहान असताना त्याला मुदतीचा ताप आला होता. इलाज थकले, अंगारे झाले, आणि शेवटी याच वेलीच्या काढ्यानं पोरगं उठून बसलं. त्या दिवशी म्हाळसाबाईनं वेलीला शब्द दिला. तुला पाणी घातल्याबिगर माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जाणार नाही, आणि तुझ्या अंगाखांद्यावर जे जगेल त्याला या घरात कुणी मारणार नाही. दुष्काळाच्या सालात नदीच्या वाळूत झिरे खणून लोक पाणी आणायचे, तेव्हाही तिनं आपल्या वाटणीतला अर्धा तांब्या वेलीला घातला. लोक हसले. ती हसू देत राहिली.

वेलीची पानं यंदा चाळण झाली होती. पांढुरक्या अंगाच्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या कमान करत देठादेठावरून चालत होत्या. इतक्या कधी नसायच्या. म्हाळसाबाईनं पाणी घातलं, हात जोडले, आणि मगच घोटभर पाणी प्याली.

त्या सकाळी सगुणाबाई आली. ती पलीकडच्या आळीतली, मोसंबीच्या मळ्यावर रोजानं जाणारी. तिच्या नवऱ्याला, तात्यारावांना, ताप भरला होता, म्हणून वेलीचं कांडं मागायला आली. म्हाळसाबाईनं वेलीला नमस्कार करून बोटभर कांडं तोडून दिलं. सगुणाबाईनं जाताजाता म्हशीचा कान पाहिला. म्हाळसाबाईनं गोचीड म्हणून पाहिलं होतं, कावळा म्हणून पाहिलं होतं, कुणाची नजर म्हणून मीठमोहरीही ओवाळली होती, ते सगळं सगुणाबाईनं ऐकून घेतलं.

"अंधार पडला की पाहुणा येत असंल कुणीतरी," सगुणाबाई म्हणाली. "दिवेलागणीला इथंच येऊन बसा. देवाचं नाव घरात घेता, ते गोठ्यात घेतलं तर देव काय रुसतोय?"

मग पदर सावरत तिनं विचारलं, की सून पंचमीला गेली ती पोळा झाला तरी आली कशी नाही. म्हाळसाबाई म्हणाली, येईल. सगुणाबाईनं पुढं विचारलं नाही.

दिवेलागणीला म्हाळसाबाईनं तुळशीपुढं दिवा ठेवला, कंदिलाची वात बारीक केली आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. ओठांत नाव चालू होतं. म्हैस रवंथ करत होती. बाहेर उजेडाची शेवटची रेघ होती तेवढ्यात वाळकं पान उडून यावं तसं काहीतरी आत आलं आणि म्हशीच्या कानावर बसलं. मग आणखी एक आलं.

ती उठून जवळ गेली. पाकोळी होती ती. पंख मिटले की हुबेहूब लिंबाचं सुकलेलं पान. तिनं आपली बारीक सोंड कातडीवर टेकवली, डोकं हलवत हलवत ती आत घातली, आणि गप्प बसून राहिली. म्हशीच्या अंगावर शहारा गेला. म्हाळसाबाईच्या ओठांतलं नाव थांबलं. पाकोळी फुलावर बसते, दिव्यावर झेप घेते, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. पाकोळी रक्त पिते हे ती पहिल्यांदा पाहत होती.

पाठीमागं मुंजाजी कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. त्यानं खांद्यावरच्या घोंगड्याचा पदर झटकला. पाकोळ्या उडाल्या, आढ्याखाली फिरल्या आणि बाहेर गेल्या. गेल्या त्या लिंबाकडं.

"आपल्या वेलीवरल्याच हायत त्या," तो म्हणाला. "अळी तिथं खाती, तिथंच वाढती. पंख फुटले की मळ्यातल्या मोसंबीला टोचती. मोसंबी न्हाई गावली तर जनावराला."

म्हाळसाबाई त्याच्याकडं पाहत राहिली. हे तुला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं नाही. तरी त्यानं सांगितलं. सुनेचा, सुगंधाबाईचा, बाप परभणीकडच्या एका मोसंबीच्या मळ्यावर राखणीला होता. तिथं बांधावर गुळवेल उगवू देत नसत. ती लग्न होऊन आली त्या पहिल्याच सालात तिनं लिंबावरची वेल पाहिली आणि नवऱ्याला हे सांगितलं. वेल तोडू म्हणाला तर तिनंच नको म्हटलं. सासूचा नवस आहे म्हणाली. मग रोज पहाटे, म्हाळसाबाई अंघोळीला गेली की, ती अळ्या वेचायची आणि दगडाखाली चिरडायची.

पंचमीच्या आदल्या दिवशी म्हाळसाबाई अंघोळीहून लवकर आली होती. सुगंधाबाई वेलीखाली उकिडवी बसलेली होती. हातात दगड होता, दगडाला हिरवं लागलेलं होतं. म्हाळसाबाई ओरडली नाही. हळूच, नेहमीच्याच आवाजात म्हणाली होती, "हाताला दया न्हाई तुझ्या. म्हणूनच कूस भरंना."

सुगंधाबाईनं दगड खाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला आला, तेव्हा ती पाया पडून गेली.

"मला का न्हाई सांगितलं?" म्हाळसाबाईनं विचारलं.

मुंजाजी खुंट्याशी वाकला, वगारीची गाठ उगीच सोडून पुन्हा बांधली.

"ती नको म्हनली. आत्याबाईचा नवस मोडू नये म्हनली. पाप लागायचं तर मला लागू दे, त्यायला कळू देऊ नका म्हनली."

नंतर बऱ्याच वेळानं, जेवताना, त्यानं वेल तोडू का म्हणून विचारलं. म्हाळसाबाईनं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. तो उठला आणि विळा आढ्याला होता तिथंच राहू दिला.

उजाडायच्या सुमाराला ती तांब्या न घेता वेलीकडं गेली. सूप नेलं. पहिल्या अळीला हात लावताना बोटं मागं आली. मऊ होती ती, थंड होती, आणि बोटाला धरून कमान करायला लागली होती, जसं काही हे बोटही वेलीचंच देठ आहे. म्हाळसाबाईनं डोळे मिटले नाहीत. डोळे मिटून केलं तर ते केल्यासारखं होणार नाही, असं तिला वाटलं. तिनं हाताला येतील तेवढ्या अळ्या सुपात वेचल्या आणि सुनेचाच दगड उचलला.

मग राखेनं हात घासले. पुन्हा घासले. हिरवं नखांत राहिलंच. तांब्या भरून ती वेलीपाशी उभी राहिली, पण हात पुढं होईना. पाणी तसंच घरात आणून ठेवलं, लुगडं बदललं आणि गंगाखेडची येष्टी धरली.

सुगंधाबाईचं माहेर गंगाखेडच्या पुढं, गोदाकाठी होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा म्हाळसाबाई दारात पोचली. सुनेची आई मालनबाई चटकन उठली, घोंगडी अंथरली, बसा म्हणाली. तिच्या बोलण्यात मान होता, ओलावा नव्हता. आमच्या लेकीच्या हातून काय गुन्हा झाला ते तेवढं सांगा, असं ती एकदा म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता चूल पेटवायला आत गेली.

सुगंधाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. सासूच्या पुढं ठेवला, पाया पडली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सासूनं तांब्याकडं पाहिलं. घसा कोरडा पडला होता, ओठांवर पांढरी साय आली होती, पण तिनं हात लावला नाही.

सुगंधाबाईच्या ध्यानात आलं.

"आज वेलीला घातलं न्हाई?"

"न्हाई."

"का?"

म्हाळसाबाईनं दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले. नखांतलं हिरवं सुगंधाबाईनं पाहिलं. ती हळूहळू खाली बसली.

"या हातानं कसं घालू?" म्हाळसाबाई म्हणाली.

आत चुलीत काटक्या तडतडल्या. सुगंधाबाई त्या हातांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मी त्याच हातानं भाकरी थापायची, आत्याबाई. रोज. तुमी खायच्या."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. नुसती झालेली गोष्ट सांगावी तसं ती बोलली. म्हाळसाबाईनं मान खाली घातली. मग तिनं तांब्या उचलला, तोंडाला लावला, आणि दम न घेता सगळा प्याली. पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडलं तरी तिनं पुसलं नाही.

सुगंधाबाईनं रिकामा तांब्या घेतला.

"म्हशीचं कसं हाय?"

"कानात आळ्या पडल्यात. दूध सोडंना. मी हळद लावायलेय."

"नुसत्या हळदीनं काय व्हतंय?" सुगंधाबाई म्हणाली. "सीताफळाचा पाला ठेचून भरावा लागतोय."

ती उठली, परसात गेली. कुडाच्या कडेला सीताफळीचं झाड होतं. पदराचा ओचा करून ती पाला तोडायला लागली. खालच्या फांद्यांचा पाला जून होता, शेंड्याचा कोवळा होता, आणि तिथं तिचा हात पुरत नव्हता.

म्हाळसाबाई तिच्या मागोमाग परसात आली. मग टाचा उचलून तिनं उंच फांदी धरली आणि सुनेच्या हाताशी येईल इतकी खाली वाकवली.