डब्याची दृष्ट

पंचाहत्तर साली नागपूरचे एक साहेब कारंज्याच्या कॉलेजात आले. विषारी हवा कशी आवरायची हे मुलांना कसं शिकवावं, याचं प्राध्यापकांसाठी शिबिर होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं पाठ घ्यायचा. ज्याचा पाठ पसंत पडेल त्यालाच हा विषय मिळणार.

केमिस्ट्रीच्या दौलतरावांना तो हवाच होता. त्यांची बायको वच्छला चुलीच्या धुरात खोकून खोकून मागच्या पोळ्याला गेली होती. लोक भेटायला आले, तेव्हाही त्यांना रडू आलं नव्हतं. आता त्यांनी तेलाच्या डब्याला पाइप जोडून धूर धुणारं यंत्र केलं होतं. पंखा शेगडीचा धूर ओढायचा आणि तो पाण्यातून, ओल्या पोत्यातून बाहेर पडायचा.

आदल्या दिवशी पाइप दोनदा निसटला.

“सर, डब्याले नजर लागली,” शिबिराचा स्वयंपाक करणारी लिलाबाई म्हणाली.

“नजर नाही बाई, जोड ढिला आहे.”

“मंग थो ढिला कोनं केला?”

पाठ सुरू झाला. धुरासाठी शेगडीत काहीतरी टाका, असं त्यांनी तिलाच सांगितलं. तिनं डब्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. दौलतरावांनी पाइपचा जोड हातानं दाबून धरला. पण कोणीच खोकलं नाही. साहेबांनी पोत्याजवळ नाक नेलं.

“वा! मिरचीसुद्धा अडली!”

लिलाबाईचा चेहरा उतरला. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर नजर जबर असते.

“बाप्पा! कोन्या मेल्याची नजर हाय थे!” म्हणत ती धावली आणि शिबिराच्या उरलेल्या साऱ्या मिरच्या पदरात आणून शेगडीत ओतल्या.

“अवो लिलाबाई, हे काय करून राह्यल्या!” दौलतराव ओरडले, आणि पाइप निसटला.

साहेब खिडकीतून बाहेर पडले. मराठीचे जानराव आधी टेबलाखाली शिरले, मग टेबल डोक्यावर घेऊनच पळाले.

“लागला ठसका! उतरली नजर!” लिलाबाई खोकत हसत होती.

“पाठ पसंत,” साहेब नाक पुसत म्हणाले. “यंत्र चालू होतं तोवर किती सुखात होतो, ते आत्ता कळलं. पण वर्गात या बाईंना आणू नका.”

दौलतरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साऱ्यांच्याच वाहत होतं, म्हणून कोणी काही विचारलं नाही.

लिलाबाईनं तांब्या पुढं केला. “रडा सर, मिरचीचं हाय.”

बाकीचे डोळे धुऊन जेवायला गेले. दौलतराव तांब्या धरून तिथंच रडत बसले.