गोंदानं चिकटवलेलं नाव

मी पितळेचं ताट बोलतंय. हसू नका. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या एका घरात साठ वर्षं घासून घासून माझी पाठ झिजली, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क मला आहे.

त्या घरच्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या यशवंतरावांच्या लग्नात माझ्यात तांदूळ पसरले आणि त्यांनी अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं, पद्मिनी. माहेरची ती भीमा. बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून माहेरचं कुणी आलं नाही. पुढं माहेरचा विषय निघाला की ती उठून जायची. फक्त तांदूळ निवडताना माझ्यात बोटानं 'भीमा' लिहायची आणि चाहूल लागली की पुसून टाकायची. हे मला ठाऊक, बाकी कुणाला नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, माणसं वाढली, आणि आपल्या मराठी समाजानं ब्राह्मणपाऱ्यात संग्रहालय काढलं. पद्मिनीबाईंच्या सुनेनं, कुमुदनं, मला तिथं देऊन टाकलं. रीत कळावी म्हणून त्यांनी माझ्यात गोंदानं तांदूळ चिकटवून 'पद्मिनी' लिहिलं आणि वर काच घातली.

काल उद्घाटन झालं. वंशावळी कॉम्प्युटरवर आहेत, तिथं स्वरदा नावाची पोट्टी बसते. वर्ध्याहून श्यामराव काठी टेकत तिच्यापाशी आले.

"बाई, माही बहीण शोधून राहिलो. भीमा. इथल्या रेल्वेतल्या माणसाशी लगन केलं तिनं. मी पाच वर्षांचा होतो. बाबानं घरात तिचं नावच काढू दिलं नाही."

स्वरदानं शोधलं. "दादाजी, भीमा नाम से तो कोई नहीं है."

असणार कशी? सुनांची सासरचीच नावं लिहिलीत. एवढे शहाणे जमले, पण हे एकालाही सुचलं नाही.

शेजारी उभ्या कुमुदनं म्हाताऱ्याला पाणी दिलं. "भीमा तं कोणी ऐकली नाही, काका. आमच्या सासूबाई जुन्या आहेत, पण त्यांचं नाव पद्मिनी."

अगं बाई, तीच ती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलं, पण ताटाचं कोण ऐकतं? एक तांदूळ हलवावा म्हटलं, तर गोंद पक्का.

श्यामरावांनी काचेवर हात ठेवून माझ्यातलं नाव वाचलं. "चांगलं नाव आहे," म्हणाले. मग अभिप्रायाच्या वहीत आपला पत्ता लिहिला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. कुमुदनंच त्यांना ऑटोत बसवून दिलं. तिलाही घाई होती, सासूबाईंना जेवू घालायचं होतं.

कुमुद, मी तुझ्या पाया पडतं. भाताला तांदूळ काढशील तेव्हा मूठभर सासूबाईंपुढं घरातल्या दुसऱ्या ताटात पसर. काही विचारू नकोस. आडून त्यांच्या बोटाकडं बघत बस.